सोमवारची सुट्टी

त्रिशला गेली ती सोमवारी. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत सोमवारी वीज बंद असते आणि कारखान्यांना सुट्टी असते, म्हणून तिचा नवरा भूपाल मगदूम घरी होता. सकाळी दहाच्या सुमारास तो खिडकीच्या जाळीला खिळे मारत होता. स्वयंपाकघरातून ती म्हणाली, "जरा ठोकायचं थांबवा. डोकं फुटायला लागलंय माझं."

तो थांबला, पण ठोकण्याचा आवाज येतच राहिला. आत जाऊन बघतो तर ती ओट्याच्या कडप्प्यावर कपाळ आपटत होती. दोन्ही हातांनी कडा धरून, दमानं, एकामागून एक. त्यानं मागून धरलं तर तिनं त्याला फडताळावर फेकलं. पंचेचाळीस किलोची बाई. मग ती ओकली, खाली पडली आणि तिला झटके सुरू झाले. जीभ चावली जाऊ नये म्हणून भूपालनं तिच्या दातांमध्ये आपली दोन बोटं घातली. तसं करायचं नसतं हे त्याला माहीत नव्हतं. दात हाडापर्यंत गेले.

शेजाऱ्यांच्या गाडीतून मिरजेच्या दवाखान्यात नेईपर्यंत त्याची बोटं तिच्या तोंडातच होती. डॉक्टरांनी चिमट्यानं तिचा जबडा उचकटून ती सोडवली, तेव्हा ती गेलेली होती.

तासाभरानं तिचा धाकटा भाऊ सुकुमार चौगुले आला. सुकुमार ऊसतोडणीची यंत्रं भाड्यानं लावायचा आणि त्यातलं एक स्वतः चालवायचा. सहा फूट उंच माणूस. आईनं नाव ठेवताना पुढचं काही बघितलं नव्हतं. आक्का कुठं आहे असं त्यानं विचारलं, डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला, तेवढ्यावरून त्याला कळलं. त्यानं डॉक्टरांना काही केलं नाही. औषधांच्या काचेच्या कपाटात मूठ घातली. बाहेर काढून पुन्हा घातली. चार जणांनी धरून खाली पाडलं तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत काचा रुतल्या होत्या आणि तो भूपालकडे बघून एकच विचारत होता, "दहा वर्सं म्हणाला होता न्हवं, दाजी? दहा वर्सं म्हणाला होता."

भूपाल तसं म्हणाला होता, हे खरं होतं.

चौगुल्यांच्या घराण्यात हा आजार होता. मेंदूत जे पाणी असतं ते रोज तयार होतं आणि रोज निचरून जातं. या घरातल्या माणसांची ती निचऱ्याची वाट चाळिशीनंतर बुजायला लागायची. पाणी साचायचं, मेंदू आतून दाबला जायचा. त्रिशलाचे वडील गोठ्याच्या भिंतीवर डोकं आपटत गेले होते. मग नवा पंप निघाला. तांदळाच्या दाण्याएवढा. कानामागच्या हाडाला भोक पाडून बसवायचा. त्यात धातूची एक पाकळी, जाडी केसाच्या पस्तिसाव्या भागाएवढी. ती सेकंदाला दहा वेळा हलायची आणि साचलेलं पाणी थेंबाथेंबानं पुढं ढकलायची.

एवढी बारीक वस्तू किती दिवस टिकणार, हाच सगळा प्रश्न होता. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच पन्नास वेळा वाकवली की हातात दोन तुकडे येतात. धातू थकतो. पाकळी वर्षाला साडेएकतीस कोटी वेळा हलणार, म्हणजे दहा वर्षांत तीनशे पंधरा कोटी वेळा. दहा वर्षं वाट बघत कोण बसणार? म्हणून कुपवाडच्या एका प्रयोगशाळेत मशीनवर तीच पाकळी सेकंदाला दोन हजार वेळा हलवायची. दहा वर्षांचं काम अठरा दिवसांत होतं. कोमट खारट पाण्यात बुडवून, अंगाइतकं ऊबदार ठेवून, बारा-बारा नमुने एका वेळी. ते मशीन भूपाल चालवायचा.

त्याआधी एकोणीस वर्षं तो ट्रकच्या पाट्यांच्या, म्हणजे चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगांच्या, कारखान्यात हेच काम करत होता. तिथं पाटे मनगटाएवढे जाड आणि मशीन खोलीएवढं. म्हातारे फोरमन होते, त्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं की रविवारी संध्याकाळी जाताना पाट्यावरचा भार उतरवायचा. ताणलेला पाटा सोडून घरी जायचं नाही. सोमवार मशीनचाही असतो. मंगळवारी सकाळी भार चढवायचा, मोजणी जिथं थांबली तिथून पुढं चालू. प्रयोगशाळेत आल्यावरही भूपालच्या हाताला तीच सवय राहिली. त्याच्या मोजणीत एका आवर्तनाचीही चूक कधी निघाली नाही. तीन वर्षांत दोनशे चाळीस नमुने, सगळेच्या सगळे तीनशे पंधरा कोटीच्या पुढं गेले.

त्रिशला पंप बसवून घ्यायला घाबरत होती. डोक्यात यंत्र ठेवून जगायचं, हे काय जगणं, असं म्हणायची. भूपालनं तिला जेवताना समजावलं. "मी स्वतः मोजलंय," तो म्हणाला होता. "साहेबांनी नव्हे. मी." ती तयार झाली. दीड महिन्यानं तिनं सुकुमारला ओढून नेलं आणि त्याच्याही कानामागं पंप बसवला.

दवाखान्यानं तिच्या डोक्यातून काढलेला पंप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पाकळी मुळाशी तुटली होती. चार वर्षं आणि तीन दिवस झाले होते.

बाराव्या दिवशी पंपाच्या कंपनीचा माणूस घरी आला. पांढरा शर्ट, हातात पाकीट. मोठ्या दुःखाची गोष्ट आहे, लाखात एखादी पाकळी अशी निघते, चाचणीचे सर्व निकाल निर्दोष आहेत, असं पत्रात लिहिलं होतं. सुकुमारच्या हाताला अजून पट्ट्या होत्या. त्यानं पत्र वाचून घेतलं, घडी घातली आणि त्या माणसाला बसायला सांगितलं. तो बसल्यावर सुकुमारनं एका हातानं त्याचं नाक दाबलं, तोंड उघडल्यावर पत्र आत कोंबलं आणि चाव म्हणाला. माणूस चावू लागला. डोळ्यांतून पाणी येत होतं. गिळ, म्हणाला. त्यानं गिळलं. भूपाल समोर बसून बघत होता. थांबव म्हणावं असं त्याला वाटलंच नाही. ज्या घरात सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, पाणी गाळून पितात, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून बघून चालतात, त्या घरात हे चाललं होतं आणि त्याला ते बरं वाटत होतं.

माणूस धडपडत निघून गेल्यावर सुकुमार म्हणाला, "कुणीतरी मारलंय आक्काला. तुमच्या सायबानं कागद बदललं असतील, न्हाईतर कंपनीनं धातू बदललाय. आन तुमी? तुमी मोजत बसा."

भूपालनं मोजायचंच ठरवलं.

त्रिशलाच्या पंपाच्या खेपेतल्या बारा पाकळ्या प्रयोगशाळेच्या कपाटात मोहोरबंद होत्या. प्रमुख डॉ. रेगे त्या आठवड्यात बंगळूरला होते. मंगळवारी सकाळी आठ वाजता भूपालनं मोहोर फोडली, बारा नमुने बसवले आणि मशीन चालू केलं. घरी गेला नाही. मशीनजवळ चटई टाकली. पडद्यावर बारा हिरव्या रेषा थरथरत होत्या. प्रत्येक रेषेखाली आकडा पळत होता. तो तेवढंच बघत बसायचा. बोटांच्या जखमा भरत आल्या होत्या, वरच्या दातांची खूण एका बाजूला आणि खालच्या दातांची दुसऱ्या बाजूला. मध्येच तो ती दुसऱ्या हातानं दाबायचा, दुखेपर्यंत.

रविवारी संध्याकाळी सुकुमार डबा घेऊन आला. उद्या वीज नसणार, असं भूपालनं त्याला सांगितलं. इथला इन्व्हर्टर लहान आहे, पाणी ऊबदार ठेवण्यापुरता. पण यावेळी मशीन थांबवायचं नाही. सुट्टीच्या दिवशी कुणी येऊन नमुने बदलले तर? सुकुमारनं जास्त विचारलं नाही. सकाळी टेम्पोतून ऊसतोडणी यंत्राची बॅटरी आणली, दोघांनी खांद्यावर घेऊन आत ठेवली आणि वीज जायच्या आत जोडली. सोमवारभर सगळी वसाहत गप्प होती. फक्त ते मशीन चालू होतं.

मंगळवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी सातव्या नमुन्याची रेषा सपाट झाली. आकडा थांबला. एकशे चोवीस कोटी आणि वर काही. भूपाल उठून उभा राहिला. पंधरा मिनिटांनी तिसरा गेला, मग अकरावा. पावणेचारपर्यंत बाराच्या बारा तुटले. चार वर्षांचं आयुष्य. दहा नव्हे.

त्यानं सुकुमारला फोन करून एवढंच सांगितलं की खोटं होतं. सुकुमार म्हणाला, मी येतोय, तुमी थांबा. भूपाल थांबला नाही. रेगे दुपारीच बंगळूरहून परत आले होते आणि वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत बसले होते. मशीनचे नट आवळायचा फूटभर लांबीचा पान्हा भूपालनं उचलला आणि तो जिना चढला.

त्यानं आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता, त्यामुळं कुठं मारावं हेही त्याला कळत नव्हतं. पहिला फटका त्यानं टेबलावर मारला. काच फुटली. रेगे उभे राहत म्हणाले, "मगदूम, बसा आधी." दुसरा त्यांच्या खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज आला. तिसरा जबड्यावर. रेगे खुर्चीसकट मागं कोसळले. भूपाल त्यांच्या छातीवर गुडघा देऊन बसला आणि पान्हा बाजूला टाकून मुठीनं मारू लागला. पान्ह्यानं दोघांमध्ये अंतर राहत होतं, ते त्याला नको होतं. प्रत्येक ठोशाबरोबर त्याच्या बोटांच्या जखमा पुन्हा उघडत होत्या. कुणाचं रक्त कुठलं ते कळत नव्हतं. बारा तुटले, तो ओरडत होता. एकशे चोवीस कोटीला तुटले. काय बदललंत? कागद बदलला की धातू बदलला? तिनं काय केलं होतं तुमचं?

रेगे प्रतिकार करत नव्हते. ते त्याच्याकडे टक लावून बघत होते, आणि मारापेक्षा दुसऱ्याच कशानं तरी त्यांचे डोळे मोठे झाले होते.

"काल," ते म्हणाले. तोंडातून दात आणि रक्त बाहेर आलं. "काल वीज नव्हती."

भूपालनं मूठ उगारली होती.

"काल मशीन कसं चाललं?"

"बॅटरी लावली."

"आणि एरवी?" रेगेंचा जबडा एका बाजूला लोंबत होता. शब्द ओळखू येत नव्हते, तरी भूपालला ते ओळखू आले. "एरवी सोमवारी काय करता?"

भूपालची मूठ तशीच वर राहिली. खाली सुकुमारची गाडी थांबल्याचा आवाज आला.

"थांबवतो," तो म्हणाला. "मशीनचा सोमवार असतो."

रेगेंनी डोळे मिटले.

मनगटाएवढ्या पोलादाला विश्रांतीनं काही फरक पडत नाही. त्याच्या पोटात ज्या चिरा सुरू व्हायच्या त्या होतात, मंगळवारी त्या जिथल्या तिथं असतात. म्हणून पाट्यांच्या कारखान्यात फोरमनच्या शिकवणीनं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण केसाच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या पत्र्याला पोट असं नसतंच. वाकताना धातूचे कण एकमेकांवरून सरकतात आणि अडकून बसतात. जाड लोखंडात ते आत खोल अडकतात. पातळ पत्र्यात पृष्ठभाग इतका जवळ असतो की हलणं थांबलं आणि ऊब मिळाली, तर अडकलेले कण हळूहळू सरकून मोकळे होतात. एका दिवसाच्या विश्रांतीत पाकळी जवळजवळ नवी व्हायची. मशीनवर ती दर सहा दिवसांनी नवी होत होती. त्रिशलाच्या डोक्यात ती चार वर्षं एक क्षणही थांबली नव्हती.

अहवालाच्या कागदावर एकूण आवर्तनं किती, हा रकाना होता. मध्ये किती वेळ थांबलं, हा रकाना नव्हता. रेगेंना वाटत होतं की सोमवारी इन्व्हर्टरवर मशीन चालतं. त्यांनी कधी सोमवारी येऊन बघितलं नव्हतं. भूपालला वाटत होतं की सांगण्यासारखं त्यात काय आहे.

हे सगळं त्या खोलीत बोललं गेलं नाही. सुकुमार वर आला, रेगेंची अवस्था बघितली आणि भूपालच्या काखेत हात घालून त्याला उठवलं. "शाब्बास, दाजी," तो म्हणाला, आणि भूपालच्या गालाला रक्त लागलं होतं ते आपल्या बाहीनं पुसलं. इतक्या वर्षांत त्यानं भूपालला असं कधी जवळ घेतलं नव्हतं.

पोलिसांनी भूपालला नेलं, रात्रभर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी जामिनावर सोडलं. चौकीच्या दारात दवाखान्याचा एक माणूस रेगेंची चिठ्ठी घेऊन उभा होता. रेगेंचा जबडा तारांनी बांधला होता, बोलता येत नव्हतं, पण उजवा हात शाबूत होता. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहिली होती.

हा पंप आतापर्यंत अकराशे साठ लोकांना बसवला आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. सगळे बदलायला वर्ष लागेल. चार वर्षं ज्यांची भरत आली आहेत त्यांना तेवढा वेळ नाही. पंपासोबत एक चुंबक दिलेलं असतं, तपासणीच्या वेळी पंप बंद करायला. ते कानामागं ठेवलं की पाकळी थांबते. रुग्ण सलग दोन तास पंपाशिवाय काढू शकतो, त्यापुढं धोका. मशीनवर चोवीस तासांची विश्रांती मिळत होती. म्हणजे रोज दोन तास, बारा दिवस. तुकड्यातुकड्यानं दिलेली विश्रांती पुरते की नाही, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण दुसरा उपाय नाही. यादीत सगळ्यात वर सुकुमार चौगुले आहेत, त्यांचे एकवीस दिवस उरलेत. तुटायच्या आधी पाकळी कमजोर पडते, पाणी कमी ढकलते आणि डोकं दुखू लागतं.

खाली आणखी दोन ओळी होत्या. तुम्हाला मी माफ केलेलं नाही. आधी हे करा.

भूपालनं चौकीसमोरच्या बाकावर बसून आपली कबुली लिहिली. कुठल्या सवयीनं, कुठल्या कारखान्यातून आणलेली, किती नमुन्यांना किती सोमवार मिळाले, सगळं. सही केली आणि तो कागद त्या माणसाबरोबर रेगेंकडे पाठवला. अकराशे साठ लोकांपर्यंत चुंबकाचा निरोप संध्याकाळपर्यंत जाणार होता. एका माणसाला मात्र त्यानं स्वतः सांगायचं ठरवलं.

घरी जाऊन त्यानं त्रिशलाच्या पेटीतून तिचं चुंबक घेतलं. रुपयाएवढं, पट्ट्यात शिवलेलं. ते कधी वापरलंच गेलं नव्हतं.

सुकुमार शेतातल्या शेडमध्ये होता. ऊसतोडणी यंत्राची पाती काढून खाली मांडली होती आणि तो एकेक दगडावर घासत होता. दुपारचे बारा वाजले होते. भूपालला बघून तो हसला, पोलिसांनी जेवायला काय दिलं असं विचारलं, आणि सांगितलं की गावात सगळे म्हणतायत, मगदुमांच्या अंगात एवढं पाणी असेल असं वाटलं नव्हतं. मध्येच त्यानं पातं खाली ठेवून कपाळ दाबलं.

भूपालनं विचारलं, डोकं दुखतंय का. सुकुमार म्हणाला, उन्हानं.

भूपालनं पट्टा पुढं केला. रोज दोन तास हे कानामागं लावून टेकून बसायचं, बारा दिवस, असं सांगितलं. सुकुमारनं पट्टा बघितला आणि त्याचा चेहरा बदलला. हे कंपनीचं आहे, तो म्हणाला. त्यांनीच पंप दिला, आता तेच म्हणतात बंद कर. बंद केल्यावर मी मेलो की म्हणतील, यानंच बंद केला. त्यानं पट्टा भूपालच्या पायाशी फेकला आणि पातं पुन्हा हातात घेतलं.

"कंपनीचं न्हवं," भूपाल म्हणाला. "माझं ऐक. पाकळी थांबली की बरी हुते. मला म्हायती हाय."

"तुमाला कसं म्हायती?"

आता एखादं खोटं सांगता आलं असतं. रेगेंनी शोधून काढलं, दिल्लीहून कळवलं, काहीही. पण सुकुमारनं आज कुणावरही विश्वास ठेवला नसता. खऱ्या गोष्टीवर ठेवला असता.

"दर सोमवारी मी मशीन थांबवत होतो," भूपाल म्हणाला. "म्हणून पाकळ्या टिकल्या. आक्काची थांबली न्हाई. म्हणून तुटली. कागद कुणी बदलला न्हाई, सुकुमार. धातूबी न्हाई. मी मारलंय तिला."

सुकुमारनं पात्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. मग त्यानं हातातलं पातं नीट इतर पात्यांच्या ओळीत ठेवलं. उठला. त्यानं पातं खाली ठेवलं हे भूपालच्या लक्षात आलं.

पहिल्या ठोशानं भूपालचं नाक फुटलं. दुसऱ्यानं तो पत्र्याच्या भिंतीवर आपटला आणि सगळी शेड वाजली. सुकुमारला मारायची सवय होती. तो ओरडत नव्हता, विचारत नव्हता, फक्त मारत होता, एकाच बाजूला, बरगड्यांवर. चौथ्या की पाचव्या ठोशाला एक बरगडी मोडली. भूपालनं हात वर केले नाहीत. तो पडला की सुकुमार कॉलर धरून उभा करायचा आणि पुन्हा मारायचा. तोंडात रक्त भरलं होतं. आणि त्याच्या डोक्यात, बंद करावं म्हटलं तरी, मोजणी चालू होती. अकरा. बारा. दात गेला. तेरा. एका धातूच्या पाकळीनं एकशे चोवीस कोटी सोसले होते. चौदा.

एकविसाव्याला सुकुमारचा हात चुकला आणि पत्र्यावर बसला. तो वाकला, दोन्ही हातांनी डोकं धरून गुडघ्यांवर आला आणि ओकला. मग त्यानं कपाळ जमिनीवर टेकवलं, थोडं उचललं, आणि खाली आपटलं. पुन्हा उचललं.

भूपाल रांगत गेला. त्यानं आपला हात सुकुमारचं कपाळ आणि जमीन यांच्यामध्ये घातला, तोच हात, त्याच दोन बोटांचा. पुढचा तडाखा बोटांवर बसला. दुसऱ्या हातानं त्यानं पट्टा ओढला, सुकुमारच्या डोक्याला गुंडाळला आणि चुंबक कानामागच्या व्रणावर दाबलं.

"सोडा मला," सुकुमार म्हणाला. त्याच्या आवाजात जोर नव्हता. "हात काढा. तुमाला जित्ता सोडणार न्हाई मी."

"नको सोडू. पण दोन तास बस."

"दोन तासांनी मारीन."

"मार. दोन तास झाल्यावर."

त्यानं सुकुमारला यंत्राच्या चाकाला टेकवून बसवलं आणि स्वतः समोर बसला, कारण सुकुमारचा हात पट्ट्याकडे गेला तर धरायला हवा होता. श्वास घेतला की मोडलेली बरगडी आत टोचायची. दोघांच्या तोंडावरचं रक्त वाळत गेलं. पंप बंद होता, आत पाणी चढत होतं, आणि सुकुमारचा चेहरा तासाभरानं राखेसारखा झाला. तो दोनदा ओकला. डोळे मिटले की भूपाल त्याच्या गालावर चापट मारून उठवायचा आणि सुकुमार शिवी द्यायचा. शिवी आली की भूपालला बरं वाटायचं.

दीड तास झाल्यावर सुकुमारनं विचारलं, आक्कानं शेवटी काही म्हटलं का.

ठोकायचं थांबवा म्हणाली, भूपालनं सांगितलं. मी थांबलो होतो.

सुकुमार रडला. रडताना डोकं दुखतं म्हणून त्यानं ते दाबून धरलं, आणि तरी रडत राहिला.

दोन वाजून दहा मिनिटांनी भूपालनं पट्टा सोडला. दोघंही वाट बघत राहिले, पाकळी पुन्हा हलते का याची. बाहेरून काही दिसत नाही, ऐकूही येत नाही. सात-आठ मिनिटांनी सुकुमारच्या तोंडावर हळूहळू रंग आला. त्यानं मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मग यंत्राच्या चाकाला धरून तो उभा राहिला.

भूपालही उठला. त्याला सरळ उभं राहता येत नव्हतं, पण तो उभा राहिला, हात खाली सोडून, ठरल्याप्रमाणं.

सुकुमारनं त्याच्याकडे बघितलं. फुटलेलं नाक, सुजलेला डोळा आणि सुजून काळीनिळी झालेली ती दोन बोटं. मूठ वळली होती, ती त्यानं वळलेलीच ठेवली.

"उद्या किती वाजता?" त्यानं विचारलं.

"याच वेळेला," भूपाल म्हणाला.